एत्ताला आणायला

त्रिएस्तला बोरा हा थंड वारा सुटला की सान जाकोमोच्या चढावर माणसं भिंती धरून चालतात. निवेस त्या दिवशी कॅमेऱ्याची पिशवी पोटाशी आवळून, दुसऱ्या हाताने रस्त्याकडेचा दोर पकडत वर चढत होती आणि मनातल्या मनात प्राध्यापक लेगीसांचा उद्धार करत होती.

माहितीपर छायाचित्रणाच्या शाळेतलं तिचं ते दुसरं वर्ष. लेगीसांनी सगळ्यांना वर्षभराचं काम दिलं होतं. एकच माणूस धरायचा आणि तो कॅमेऱ्याला विसरेपर्यंत त्याच्या घरी जात राहायचं. "पहिला महिना कोणी बटण दाबलं तर फिल्म कचऱ्यात टाकीन, आधीच सांगतो," असं ते वर्गात बजावून चुकले होते. निवेसला त्यांनी पत्ताही स्वतःच दिला. "सिन्योरा आर्जिया. युद्धानंतर इस्त्रिया सरहद्दीपलीकडे गेला, तेव्हा घरदार सोडून इकडे आलेल्यांपैकी. तुझ्या घरची बोली तीच ना? मग तूच जा. आमच्यासारख्याला ती दारात उभं करत नाही."

चौथ्या मजल्यावरच्या दाराआडून आवाज आला, "काही विकायला आली असशील तर मला काही नको. देवाबद्दल सांगायला आली असशील तर त्याला मी तुझ्याआधीपासून ओळखते."

"फोटो काढायला आलेय, सिन्योरा."

"मग तर मुळीच नको. हे तोंड दाखवून कोणाची पोरं घाबरवायचीत तुला?"

पण निवेसच्या तोंडून आपली बोली ऐकल्यावर साखळी निघाली. दारात एक ठेंगणी, ताठ म्हातारी उभी होती. अंगावर पुरुषी लोकरी जाकीट आणि हातात बटाटा सोलायची सुरी.

"कुठली गं तू?"

"पाझीनची," निवेस म्हणाली.

ते खोटं होतं. पाझीन हे तिच्या गावाजवळचं, लिपोवेत्सजवळचं, मोठं गाव. पण त्रिएस्तला आल्याआल्याच ती एक गोष्ट शिकली होती. तिकडून आलेल्या म्हाताऱ्यांना गावाचं नाव सांगितलं की ते गल्ली विचारतात, गल्ली सांगितली की घर विचारतात. तिच्या वर्गातल्या एका मुलाला एका आजोबांनी भर कॅफेत विचारलं होतं, "म्हणजे माझ्या बापाच्या पलंगावर झोपतोस तू?" तेव्हापासून निवेस पाझीनची झाली होती.

महिनाभर तिने आर्जियाकडे बटाटे सोलले, घेवडा निवडला, आंबट कोबी घातलेला घेवड्याचा योटा ढवळला. कॅमेरा खुर्चीवर पडून असायचा. म्हातारी एकटीच होती. लग्न केलं नव्हतं, गोदीतल्या कचेरीत टंकलेखन करून निवृत्त झाली होती. टोमणे मारण्यात तिचा हात कोणी धरला नसता. "तुमच्या पाझीनला सुरीला धार असते की नाही? साल काढतेस की बटाटा?" निवेसला ती आवडायला लागली.

मग हळूहळू म्हातारी गावाबद्दल बोलू लागली. लिपोवेत्स हे नाव मात्र तिने कधी घेतलं नाही. ती जुन्या नावानेच त्याला तिल्येतो म्हणायची. निवेसने ते नाव लहानपणी गावातल्या चर्चच्या घंटेवर कोरलेलं पाहिलं होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिने मान खाली घातली आणि घेवडा निवडत राहिली. तिल्येतोमध्ये घरं पुष्कळ, असं तिने स्वतःला समजावलं.

एके दिवशी आर्जिया हसत हसत म्हणाली, "आमच्या जिन्याच्या वळणावरची एक पायरी बाकीच्यांपेक्षा उंच होती. बाबा म्हणायचे, त्या दिवशी गवंडी पिऊन आला होता. नवं माणूस आलं की तिथे हमखास ठेचकाळायचं. पाद्रीबाबासुद्धा! मी आणि एत्ता वर तोंडात बोळा कोंबून हसत बसायचो."

निवेसच्या हातातला घेवडा तसाच राहिला. त्या पायरीवर तिचे मित्र ठेचकाळले होते, टपालवाला ठेचकाळला होता. तिचा पाय मात्र झोपेतसुद्धा तिथे आपोआप उंच उचलला जायचा.

"एत्ता कोण?" तिने विचारलं. आपला आवाज तिला दुसऱ्याच कोणाचा तरी वाटला.

"धाकटी बहीण माझी. पाण्याच्या टाक्यावरच्या खोलीत झोपायची. छाती कमजोर होती तिची. त्या साली हिवाळाभर खोकत होती."

निवेस उठली, न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून तिथेच उभी राहिली. टाक्यावरची खोली तिची होती. वयात येईपर्यंत ती तिथेच झोपली होती. आणि तो खोकला तिने ऐकला होता. एकदा नाही, दर हिवाळ्यात. दिवेलागणीला सुरू व्हायचा. कोरडा, दबलेला, आपला त्रास कोणाला होऊ नये म्हणून तोंडावर हात धरून खोकावं तसा. पाच वर्षांची असताना तिने वडिलांना सांगितलं होतं, "ताता, ती मुलगी खोकतेय." ताता म्हणाला होता, "छपरात ऊदमांजर आहे. झोप." पुढे तिने स्वतःही तसंच मानायचं ठरवलं होतं.

त्यानंतर दोन आठवडे ती आर्जियाकडे फिरकली नाही. लेगीसांना म्हणाली, मला दुसरं माणूस द्या. ते चष्मा पुसत म्हणाले, "भांडलात?"

"नाही."

"मग घाबरलीस. घाबरलेल्याला मी माणूस बदलून देत नाही."

ती परत गेली तेव्हा आर्जियाने इतके दिवस न आल्याचं कारणही विचारलं नाही. कॉफी ओतली आणि म्हणाली, "आज काढ फोटो. माझ्या मनात आहे तोवर काढून घे." निवेसने खिडकीपाशी बसवून तिचे फोटो काढायला सुरुवात केली, आणि कॅमेऱ्याकडे न बघता म्हातारी बोलत राहिली.

एत्ता त्याच हिवाळ्यात गेली होती. पुढच्या हिवाळ्यात घर सोडायचा दिवस आला. गाडीवाला खाली खोळंबला होता आणि नव्या सरकारच्या समितीचा माणूस कागद घेऊन दारात उभा होता. त्यांच्याकडे रीत होती, कायमचं घर सोडताना त्या घरात गेलेल्या माणसाला नावाने हाक मारायची, चल म्हणायचं, म्हणजे ते मागे राहत नाही. आई हाक मारायला जिना चढू लागली, तर समितीच्या माणसाने तिचा दंड धरला. वरून काही लपवून आणायला निघालीय असं त्याला वाटलं. आईने खालूनच हाक मारली, पण गाडीवाला ओरडत होता, घोडं खिंकाळत होतं.

"आई इथेच गेली, त्या आतल्या खोलीत," आर्जिया म्हणाली. "शेवटपर्यंत एकच म्हणत होती, पोरीला ऐकूच गेलं नाही. पोरगी तिथेच राहिली. मी म्हणायचे, आई, खुळ्यासारखं बोलू नकोस. आता मी तिच्या वयाची झालेय, आणि मलाही तेच वाटतं." ती पहिल्यांदा कॅमेऱ्याकडे वळली. "तुझ्या पाझीनहून ते गाव लांब नाही. जाशील? जे कोण राहत असतील त्यांना फोटोचं निमित्त सांग. वर जा आणि तिला हाक मार. म्हण, आर्जियाने पाठवलंय, चल. आणि लगेच निघू नकोस हां. दारात थांब. बुटाचे बंद बांधायला तिला फार वेळ लागतो. कोणी घाई केली की रडायला लागते."

नाही म्हणायला निवेसने तोंड उघडलं आणि "जाईन," असं म्हणून बसली.

*

फेब्रुवारीत ती घरी गेली. ताता अंगणात लाकडं फोडत होता. आई कधीच रिएकाला निघून गेली होती, तिथे तिचा दुसरा संसार होता. या मोठ्या दगडी घरात ताता एकटाच राहत होता. निवेस पिशवी ठेवायला वर गेली. टाक्यावरच्या खोलीत शेगडी पेटलेली होती, आणि खोली उबदार होती. लोखंडी खाट रिकामी, तिच्यावर नीट घडी केलेलं पांघरूण.

दर हिवाळ्यात ही शेगडी पेटायची. इतकी वर्षं तिला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

जेवताना तिने विचारलं, "ताता, वर शेगडी कशाला पेटवतोस?"

"घेवडा वाळत घातलाय."

"घेवडा ऑक्टोबरातच वाळला. खाली पोत्यात आहे."

ताता पाव कापत राहिला. "थंडी असते वर."

"कोणाला?"

त्याने सुरी खाली ठेवली. "तुला ठाऊक आहे कोणाला."

त्याने मानेश्ट्राचं, घट्ट सुपाचं, वाडगं बाजूला सरकवलं. मग तो बोलू लागला. "मी चार वर्षांचा होतो. आईला सांगितलं तर तिने थोबाडीत ठेवून दिली. पण मग तीच रोज वर पांघरूण ठेवून यायला लागली. युद्धात आपलं जुनं गाव जळालं म्हणून समितीने हे निघून गेलेल्यांचं घर आपल्याला दिलं. किल्ली हातात दिली नि म्हणाले, रिकामं आहे. ते रिकामं नव्हतं."

"आणि मला ऊदमांजर सांगितलंस!"

"मग काय सांगू पाच वर्षांच्या पोरीला? की हे घर आपलं नाही, आणि ज्यांचं आहे त्यांतलं एक लेकरू अजून इथंच आहे?"

निवेसने त्याला आर्जियाबद्दल सगळं सांगितलं. एत्ताचं नाव ऐकल्यावर त्याने ते दोन-तीनदा हळूच उच्चारून बघितलं. इतकी वर्षं त्याच्याकडे तिला नाव नव्हतं.

"आणि ती खरंच गेली तर?" त्याने विचारलं.

"तर आपल्या माणसांत जाईल, ताता."

"म्हणजे मी कोणीच नाही तिचा." हे तो रागाने बोलला, पण लगेच हात झटकून उठला. "जा, मार हाक. ज्याचं त्याला द्यायला हवं. आजवर जपली तेवढं बस झालं."

दुपारचं ऊन कललं होतं. निवेसने आधी खोलीचे फोटो काढले. खाट, शेगडी, खिडकी. त्यासाठी कॅमेरा तिपाईवर लावला. मग खोलीच्या मधोमध उभी राहिली. तिला स्वतःचीच लाज वाटत होती. शिकली-सवरलेली मुलगी, आणि रिकाम्या खाटेशी बोलायला उभी. शेवटी बोलीतच म्हणाली, "एत्ता, चल. आर्जियाने पाठवलंय. ती वाट बघतेय."

काही झालं नाही. खोकला नाही, पाऊल नाही. शेगडीतलं एक लाकूड सरकलं तेवढंच. ती दारात जाऊन थांबली. थांबून थांबून पाय अवघडले. पुन्हा आत गेली, आणखी काही फोटो काढले, पुन्हा दारात आली. आता पुरे म्हणून जिन्याकडे वळणार, तर खालून ताताचा दबका आवाज आला, "थांब! घाई करू नकोस तिची."

ती थांबली. मग तो म्हणाला, "आता ये. उतरली ती."

"तुला काय माहीत?"

"वळणावरची पायरी वाजली."

निवेसला काहीच ऐकू आलं नव्हतं. ती खाली आली तेव्हा ताता भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि घराचं दार त्याने सताड उघडं टाकलं होतं.

त्याच संध्याकाळी तिने बस धरली. बाजाराचा दिवस, बस खच्चून भरलेली. तिच्या शेजारची जागा तेवढी रिकामी होती. टोपल्या घेतलेली एक बाई तिथवर आली, बसायला वाकली आणि पुन्हा सरळ झाली. "अगंबाई, पोरगी आहे होय," असं म्हणून दांडीला धरून पुढे उभी राहिली. निवेसच्या अंगावर सरसरून काटा आला. तिने शेजारी बघितलं. हिरवं, फाटकं गादीचं कापड, बाकी काही नाही. सरहद्दीवर शिपाई पासपोर्ट बघून गेला, माणसं चढली-उतरली, पण त्या जागेवर त्रिएस्तपर्यंत कोणी बसलं नाही. निवेसने पूर्ण प्रवासभर पाय आखडून घेतले होते, बाजूच्याला पुरेशी जागा मिळावी म्हणून.

*

चौथ्या मजल्यावरचं दार उघडंच होतं. उंबऱ्यापाशी आर्जिया उभी होती, तेच जाकीट घालून, पण केस विंचरलेले. निवेस आत आल्यावरही ती दार धरून तशीच उभी राहिली, आणखी कोणी आत यायचं असावं तशी. मग तिने दार लावलं.

त्या क्षणी निवेसला खोटं पेलवेना. "सिन्योरा, मी पाझीनची नाही. मी त्याच घरातली आहे."

आर्जियाने वळून बघितलं. "कुठे झोपायचीस?"

"टाक्यावरच्या खोलीत."

"लोखंडी खाटेवर?"

"हो."

"तिच्या," आर्जिया म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. "इतके महिने माझ्या घरात बसून माझ्याच घराबद्दल ऐकत होतीस. मान डोलावत होतीस. चालती हो."

"सिन्योरा, मला..."

"चालती हो म्हटलं ना!"

ती जिना उतरली, आणि पुढे कितीतरी दिवस ना हिने तिकडे तोंड दाखवलं, ना तिकडून निरोप आला.

शाळेच्या अंधाऱ्या खोलीत तिने फिल्म धुतली. एका दुपारी लेगीसा तिच्या मागे उभे राहून ओले फोटो बघत होते. "मधे खिडकी उघडली होतीस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी दोन फोटो शेजारी धरले. हाक मारण्याआधीच्या सगळ्या फोटोंत खिडकीच्या खालच्या काचेवर वाफ धरलेली होती, कोणी जवळ तोंड नेऊन श्वास सोडत बसावं तशी गोल. नंतरच्या फोटोंत काच लख्ख होती. शेगडी दोन्हीकडे तशीच पेटलेली, ऊनही तेच.

"उष्णतेचा काहीतरी खेळ असेल," लेगीसा म्हणाले. मग फोटो खाली ठेवत, "हे प्रदर्शनात लावणार?"

"नाही."

त्यांनी आग्रह केला नाही. एरवी ते असल्या बाबतीत कोणाला सोडत नसत.

निवेसने त्यातला एक फोटो, वाफेचा नाही, लख्ख काचेचा, आर्जियाच्या दाराखालून आत सरकवला आणि पळत खाली आली.

दोन दिवसांनी फोन वाजला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "फोटोत शेगडी पेटलेली आहे. कोण राहतं त्या खोलीत?"

"कोणी नाही, सिन्योरा. ताता पेटवतो."

"रिकाम्या खोलीत? कशाला?"

निवेसने सांगितलं. पांघरुणाचं सांगितलं, तो चार वर्षांचा होता तेव्हाचं सांगितलं, ऊदमांजराचंही सांगितलं.

"त्याला म्हणावं, येऊन जा," आर्जिया म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

ताताला यायला ईस्टर उजाडलं. तो आधी नाहीच म्हणत होता. फोनवर म्हणायचा, घर फार मोठं झालंय, काही ऐकू येत नाही, झोप लागत नाही, पण गाडीत बसून कुठे जाऊ? शेवटी आला. लग्नातला कोट, बगलेत माल्वाझिया वाइनची बुधली, पिशवीत घरची पिंझा, ईस्टरचा गोड पाव. सान जाकोमोचा जिना चढताना तो दर मजल्यावर थांबत होता.

"परत जाऊ या का? काय बोलू मी तिच्याशी? शेतसारा?" तो निवेसला म्हणाला.

"बोलू नकोस. ती बोलेल."

आर्जियाने दार उघडलं. दोघांनी एकमेकांना पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

"छपराची कौलं बदलली का?" तिने विचारलं.

"उत्तरेकडची बदलली. बाकीची तुमच्या वडिलांनी घातली तीच आहेत, सिन्योरा. पक्की आहेत." मग एका दमात, जरा मोठ्यानेच, पाठ करून आल्यासारखा तो म्हणाला, "मी घराबद्दल काही बोलायला आलो नाही. माफी मागू म्हटलं तर कुठून सुरुवात करू तेही कळत नाही. मी फक्त पोरीची चौकशी करायला आलोय. बरी आहे ना?"

आर्जियाने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," ती म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."

ताताने टोपी काढली. खुर्ची जमिनीवर घासू नये म्हणून ती उचलून मागे घेतली आणि बसला. मग दोघं कुजबुजत बोलू लागली. टाक्याचं पाणी कसं आहे, तुतीचं झाड गेलं का राहिलं, शेजारच्या वाडीवर कोण आहे. मधेच तो काहीतरी म्हणाला आणि ती तोंडावर पदरासारखा रुमाल धरून हसली. बहुधा पाद्रीबाबाचंच असावं.

निवेसने योटा गरम केला. प्लेटा आतल्या खोलीतल्या कपाटात असायच्या. बटाटे सोलायच्या दिवसांत ती तिथून शंभरदा प्लेटा घेऊन आली होती. आज त्या खोलीचं दार थोडं लोटलेलं होतं आणि आत अंधार होता. तिने दाराच्या कडीला हात लावला आणि काढून घेतला.

"ताता," ती हळूच म्हणाली, "प्लेटा आणतोस?"

तो उठला, दारापाशी थांबला, बूट काढले आणि आत गेला. त्याला परत यायला बराच वेळ लागला. टेबलापाशी त्या दोघी बसून राहिल्या, योटा निवत चालला होता, पण कोणीच त्याला हाक मारली नाही.